कापून देऊ नका, कुठे काय आहे ते सांगा

या पानावर मी बरीच वर्षं अधूनमधून लिहीत आलो. कधी शाळेच्या आठवणी, कधी नोव्हेनाच्या दिवसांबद्दल, कधी गल्लीतल्या पाण्याची तक्रार. मागची दोन वर्षं मात्र लिहिलं नाही. ओळखीचे वाचक मिस्सेनंतर चर्चबाहेर विचारायचे, "सर, लिहायचं का थांबवलं?" त्यांना मी काहीबाही कारण सांगितलं. खरं कारण आज सांगतो. मला दिसत नाही. हा मजकूरही मी तोंडाने सांगतो आहे आणि माझी नात लिहून घेते आहे. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, विचारांच्या माझ्या.

विषय तसा लहान आहे. दिसत नसताना ताटातलं कटलेट किंवा रोस्टचा तुकडा कसा कापायचा, एवढाच. हसू नका. या एका गोष्टीपायी मी वर्षभर चार माणसांत बसून जेवलो नाही.

झालं असं. भाचीच्या लग्नाचं जेवण होतं, चर्चच्या हॉलमध्ये. आम्ही बेळगावच्या कॅम्पात वाढलेली माणसं. आमच्याकडच्या लग्नात पुलाव, सोरपोतेल, रोस्ट, कटलेट आणि त्याबरोबर काटा-सुरी ही ठरलेलीच. हाताला लहानपणापासूनची सवय. त्या दिवसांत माझा उजवा डोळा गेलेला होता आणि डाव्याने नळीतून बघावं तेवढंच दिसायचं. मी रोस्टवर म्हणून सुरी दाबली. तिथे रोस्ट नव्हताच, प्लेटची कड होती. प्लेट उलटली आणि ग्रेव्हीसकट सगळं शेजारच्या पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर. ते बिचारे म्हणाले, "असू दे की हो सर, काही झालं नाही." पण आजूबाजूचं बोलणं एकदम थांबलं. ते थांबलेलं मला नीट ऐकू आलं. मग कुणीतरी दुसरी प्लेट आणली. तिच्यात रोस्टचे बारीक बारीक तुकडे केलेले, लहान पोराला देतात तसे, आणि माझ्या हातात चमचा दिला. देणाऱ्याने प्रेमानेच दिलं, त्यात शंका नाही. पण माझ्या घशाखाली घास उतरेना. पोट बिघडलंय म्हणालो आणि उठलो.

त्यानंतर बाप्तिस्मा असो, लग्नाचा रौप्यमहोत्सव असो, पॅरिशचा सण असो, मिस्सा संपली की मी थेट घरी. आधी पत्नी एकटी जायची, मग तीही जायची थांबली. लोकांना वाटलं, सरांना आता माणसं नकोशी झाली.

डोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मला काचबिंदू झाला. मोतीबिंदू वेगळा, त्यात शस्त्रक्रिया केली की बहुधा दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. आधी कडेचं दिसेनासं होतं, आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली राखता येते, तीही वेळेवर गेलं तर. मी उशिरा गेलो. हा दोष माझा.

आता खरी गोष्ट. गेल्याच्या गेल्या नाताळात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो जन्मापासून आंधळा. आता दुसऱ्या शहरात बँकेत नोकरी करतो, बायको आहे, दोन मुलं आहेत. पत्नीने नेवऱ्या आणि केक पुढे ठेवला. दोदोलची अख्खी वडी होती, ती कापायला ती उठली, तर हा म्हणाला, "बाई, सुरी इकडे द्या की. मी कापतो." मी कान टवकारले. दोदोल किती चिकट, तुम्हाला माहीत आहे. सुरी बशीला टेकल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा, सगळे सारख्या अंतराने. पत्नी म्हणाली, "अगं बाई, सगळ्या वड्या एकसारख्या!"

मी त्याला लग्नातली गोष्ट सांगितली. त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती. तो हसला नाही, हळहळलाही नाही. म्हणाला, "सर, तुम्हाला कुणी शिकवलंच नाही. दिसणाऱ्यांची पद्धत तुम्ही न बघता वापरलीत. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी शाळा भरली. त्याने जे शिकवलं ते क्रमाने देतो, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

पहिलं, बसणं. खुर्ची टेबलाला जवळ घ्यायची, प्लेट बरोबर समोर, आणि खाताना थोडं पुढे वाकायचं. म्हणजे पडलं तर प्लेटमध्येच पडतं. प्लेटखाली ओला करून पिळलेला नॅपकिन घातला की ती सरकत नाही. ग्लास शोधायला हात हवेत फिरवायचा नाही. बोटं मिटून हात टेबलावरून हळूच पुढे सरकवायचा, म्हणजे ग्लास लागला तरी कलंडत नाही. आणि ग्लासाची जागा रोज एकच.

दुसरं, घड्याळ. प्लेट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. आपल्या पोटाकडे सहा, समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. वाढणाऱ्याने एवढंच सांगायचं, "सहाला कटलेट, तीनला पुलाव, नऊला सॅलड." जगभर आंधळ्या माणसांना हेच शिकवतात. कापायची वस्तू नेहमी सहाला घ्यायची, कारण तिथे दोन्ही हातांना जोर येतो. ती दुसरीकडे असेल तर हात वाकडे करायचे नाहीत, प्लेट फिरवायची.

हे ऐकून पत्नी आतून म्हणाली, "ह्यात नवीन काय? पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ वर मधोमध, भात समोर. आमच्या शेजारच्या काकू तर जागा चुकली की ओरडायच्या." खरंच की! आपल्याकडचं केळीचं पान वाढायचं ते असंच ठरलेलं. डावी बाजू, उजवी बाजू. त्या पानावर आंधळा माणूस बसला तर त्याला कुणाला काही विचारावं लागणार नाही. आपण बुफे आणला आणि ताटातलं सगळं एकात एक मिसळून टाकलं.

तिसरं, ओळख. काट्याच्या टोकाने हलकेच टोचून बघायचं. पुलावात काटा सहज जातो, बटाटा मऊ लागतो, मांस थोडं अडवतं, हाडाला लागला की टक् असा आवाज येतो. घाईने खुपसायचं नाही, विचारपूस केल्यासारखं करायचं.

चौथं, प्रत्यक्ष कापणं. इथे माझी मुख्य चूक होती. मी काटा मधोमध रोवायचो आणि सुरी अंदाजाने कुठेही लावायचो. त्याने माझे दोन्ही हात धरून दाखवलं. डाव्या हातातल्या काट्याने आधी तुकड्याची कड शोधायची. कडेपासून साधारण एक बोट आत काटा रोवायचा. मग सुरी काट्याच्या पाठीला टेकवायची आणि काट्यालाच धरून खाली उतरवायची, पण काट्याच्या पलीकडच्या अंगाला. म्हणजे कापलेला तुकडा काट्यावरच राहतो, शोधायला लागत नाही. काटा हीच पट्टी, सुरीला तिच्या आधाराने चालवायचं. सुरी खाली दाबायची नाही, करवतीसारखी पुढे-मागे करायची. मी लग्नात दाबली म्हणून प्लेट उलटली.

पाचवं, तुकडा सुटला की नाही हे कसं कळणार? काटा थोडा आपल्याकडे ओढायचा. मागचा मोठा भाग बरोबर ओढला गेला तर अजून धागा शिल्लक आहे, पुन्हा दोनदा सुरी फिरवायची. सुटला तर काटा हलका येतो. आणि तोंडाकडे नेण्याआधी काट्याचं वजन जोखायचं. जड लागला तर तुकडा मोठा आहे, खाली ठेवून अर्धा करायचा. "सर, डोळ्यांनी माप घेत होता, आता मनगटाने घ्या," असं तो म्हणाला. महिनाभरात मनगट शिकलं.

सहावं, पाव. पुलावाची शितं, वाटाणे, सॅलडचे बारीक तुकडे काट्यासमोरून पळतात. डाव्या हातात पावाचा किंवा चपातीचा तुकडा धरून त्याची भिंत करायची आणि काटा किंवा चमचा त्या भिंतीकडे ढकलायचा. उथळ प्लेटपेक्षा काठ असलेली प्लेट बरी, काठ हीसुद्धा भिंतच. खाणं कडेकडून आत करत जायचं, म्हणजे बाहेर काही सांडत नाही. मीठ थेट अन्नावर घालायचं नाही, आधी तळहातावर घेऊन चिमटीने टाकायचं.

सातवं, सुरी. मी मुठीवर धारेच्या उलट्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे. अंगठ्याला तो लागला की धार खाली आहे हे कळतं. धारेवरून बोट ओढून बघायचं नाही. सुरी वापरून झाली की टेबलावर नाही, प्लेटच्या वरच्या कडेवर आडवी ठेवायची, धार आतल्या बाजूला. आणि बोथट सुरी घ्यायची नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते.

ज्यांना थोडंफार दिसतं त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट. पांढऱ्या प्लेटमध्ये पांढरा भात दिसत नाही. गडद रंगाच्या प्लेटमध्ये भात आणि फिक्या रंगाच्या प्लेटमध्ये रोस्ट, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

धडे एकदम रोस्टपासून घेतले नाहीत. आधी पिकलेलं केळं, मग उकडलेला बटाटा, मग ऑम्लेट, मग कटलेट, आणि शेवटी रोस्ट. एका संध्याकाळी नातीने आजीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि तिलाही ऑम्लेट कापायला बसवलं. पहिल्याच झटक्यात ऑम्लेट टेबलाखाली. आम्ही तिघं हसून हसून दमलो. त्या हसण्यात वर्षभराचं काहीतरी निघून गेलं.

तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला? हाताने खावं. मीही त्याला तेच विचारलं. हात हे आंधळ्याचं सगळ्यात चांगलं हत्यार आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मासा तर हातानेच खावा, काटा बोटांना कळतो तसा कशालाच कळत नाही. चपाती एका हाताने तोडायची, पुरी बोटांनी फोडायची, हे आपल्याला उपजतच येतं. घरी मी हातानेच खातो. पण तो म्हणाला, "सर, हाताने खायचं की सुरीने, हे तुम्ही ठरवा. आवडतं म्हणून हात, हे ठीक. सुरी जमत नाही म्हणून हात, आणि हात लाजिरवाणा वाटतो म्हणून उपाशी, हे नको."

उपाशी हा शब्द त्याने उच्चारला आणि मग जरा गप्प बसला. नंतर जे बोलला ते लिहायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. लिहितो.

१९८६ साली तो माझ्या वर्गात, चौथीत, आला. तेव्हा आंधळ्या मुलाला साध्या शाळेत घेणं सोपं नव्हतं. मी आग्रह धरला आणि मला त्याचा अभिमान होता. मधल्या सुट्टीत त्याची आबाळ होऊ नये म्हणून मी दोन दणकट पोरांना नेमून दिलं होतं. ती त्याचा डबा उघडायची, चपातीचे तुकडे करायची आणि त्याला भरवायची. पालकसभेत माझं कौतुक झालं. दोन वर्षांनी तो लांबच्या अंधशाळेच्या होस्टेलला गेला आणि माझ्या मनातून ती गोष्ट संपली.

"सर," तो म्हणाला, "त्या दोन वर्षांत माझ्या डब्यात मी कधी हात घातला नाही. घरी आई भरवायची, शाळेत ती दोघं. होस्टेलला गेलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि मला चपाती तोडता येत नव्हती. ताटात काय कुठे आहे ते शोधता येत नव्हतं. मुलं हसायची. पहिले आठ दिवस मी रात्री उपाशी झोपलो. तुम्ही वाईट केलं असं नाही म्हणत मी. तुम्ही मला विचारलं नाही, एवढंच."

मला बोलता येईना. लग्नात मला बारीक तुकड्यांची प्लेट देणाऱ्यावर मी वर्षभर मनात राग धरला होता. तेच मी एका लहान मुलाला दोन वर्षं, रोज मधल्या सुट्टीत, केलं होतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे सर. बटाटा घ्या, परत कापा."

शिक्षक म्हणून मला हे आधी कळायला हवं होतं. ॲन सलिव्हनची गोष्ट मीच मुलांना सांगत असे. मार्च १८८७ मध्ये ती अमेरिकेतल्या अलाबामात हेलन केलरला शिकवायला आली. हेलन सहा वर्षांची, आंधळी आणि बहिरी. ती टेबलाभोवती फिरून प्रत्येकाच्या ताटात हात घालायची आणि घरचे मायेने घालू द्यायचे. सलिव्हनने ते बंद केलं. एका सकाळी घरचे खोलीबाहेर गेले आणि आत दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी हेलन स्वतःच्या ताटातून चमच्याने जेवली. सलिव्हन तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती आणि तिची स्वतःची नजरही अधू होती. त्याच १८८७ साली आपल्या देशात अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी आंधळ्यांसाठी पहिली शाळा काढली. एवढं सगळं मला पाठ होतं. वर्गातल्या एका डब्यापर्यंत ते पोचलं नाही.

घरच्यांना सुरीची भीती वाटते, तीही मी समजू शकतो. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात खेळत होता. आरी डोळ्याला लागली आणि पुढे दुसराही डोळा गेला. पण वाचकहो, त्याने शोधलेली लिपी कागदावर टोचून काढतात ती एका अणकुचीदार हत्यारानेच. लपवून ठेवलेल्या सुरीने कुणी शिकत नाही. ती हातात देऊन, शेजारी बसून शिकवावं लागतं.

धर्मशिक्षणाच्या तासाला मी कितीतरी वर्षं बार्तीमयाची गोष्ट सांगितली. मार्कच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात ती आहे. यरीहोच्या रस्त्यावर आंधळा हाका मारतो. त्याला काय हवं असेल हे कुणालाही दिसत होतं. तरी प्रभू आधी त्यालाच विचारतो, तुला काय हवं आहे. मी मुलांना नेहमी पुढचा चमत्कार समजावत बसलो. त्या विचारण्यावर कधी थांबलो नाही.

यंदा पॅरिशच्या सणाला आम्ही दोघं हॉलमध्ये जेवायला थांबलो. पत्नी वाढून आणायला गेली होती. शेजारी एक तरुण येऊन बसला, माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा निघाला. माझी प्लेट आली तसा तो क्षणभर घुटमळला, मग म्हणाला, "सर, मी काय करू?" मी म्हणालो, "घड्याळ सांग." त्याला कळलं नाही, मी समजावलं. तो म्हणाला, "सहाला रोस्ट, दोन स्लाइस. दोनला पुलाव. दहाला सॅलड. ग्लास प्लेटबाहेर, एकच्या बाजूला." मी कड शोधली, एक बोट आत काटा लावला. पहिला तुकडा मोठा निघाला, दुसरा बरा. थोडी ग्रेव्ही माझ्याच टायवर पडली, असं पत्नीने घरी आल्यावर सांगितलं. रोस्ट चांगला झाला होता, जरा मिरी जास्त.

तेव्हा यजमानांना, वाढणाऱ्यांना, शेजारी बसणाऱ्यांना माझी विनंती. आपल्या प्रत्येक वस्तीत न दिसणारं किंवा कमी दिसणारं कुणी ना कुणी असतं. हिंदू, मुसलमान शेजाऱ्यांच्या पंगतीतही असतं. त्यांच्याशी बोला, त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाशी नको. "सरांना काय वाढू?" असं माझ्या बायकोला विचारू नका, मी तिथेच बसलेलो असतो. थोडे पदार्थ वाढा, एकमेकांपासून सुटे ठेवा, नि कुठे काय आहे ते सांगा. हाड असेल तर सांगा. नवीन काही ताटात टाकताना आवाज द्या, नाहीतर शोधून ठेवलेली जागा बदलते. कापून हवं का, हे विचारा. कुणी हो म्हणेल, तर खुशाल द्या, त्यात कमीपणा नाही. थकलेल्या दिवशी मीही हो म्हणतो. पण विचारा.

आणि चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांचा दाब नि मागची नस तपासून घ्या. घरात आईवडिलांना, भावंडांना काचबिंदू असेल तर नक्कीच घ्या. माझ्या मुलाला मी पाठवलं. तो टाळत होता. मी त्याला म्हटलं, "मी रोस्ट कापायला शिकलो ते बरं झालं, पण तुला शिकायला लागू नये." गेला मग.

— एक निवृत्त शिक्षक, कॅम्प, बेळगाव